बिनकाट्याचा मासा

“और वो पढिन तो बिल्कुल नी,” सिस्टर म्हणाली, आणि बाकावरून उठायला निघालेले खंडोजी जगताप पुन्हा खाली बसले.

धारच्या सरकारी दवाखान्यात ते रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले होते. गोळ्या मिळाल्या होत्या, खिशात टाकूनही झाल्या होत्या. समोरच्या व्हरांड्यात गरोदर बायकांची तपासणी चालू होती, आणि नंबर येईपर्यंत बसलेल्यांना गुंजन सिस्टर आहाराचं सांगत होती. खंडोजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ‘पढिन’ हे माशाचं नाव मात्र कुणी नावाने हाक मारावी तसं त्यांच्या कानावर आलं.

“मछली खाना हे, डरना नी हे,” सिस्टर सांगत होती. “हफ्ते में दो बार खाओ. उसमें जो चिकनाई रेती हे ना, अच्छी वाली, उससे बच्चे का दिमाग बनता हे, आंख बनती हे. पर छोटी लेना. छोटी रोहू ले लो. बडी शिकारी मछली नी लेने की. वो छोटी को खाती हे, और छोटी के अंदर का पारा उसके अंदर जमा होता जाता हे. जितनी बडी, जितनी बूढी, उत्ता पारा. तुमने खाई, तो सीधा बच्चे के दिमाग पे.”

“पारा?” एका बाईने विचारलं. “वो बुखार नापने वाला?”

“वोई.”

खंडोजींनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

“सिस्टर, और जो खा चुका हो?”

“आप पेट से हो क्या, बाबा?”

बायका खिदळल्या. खंडोजीही ओशाळं हसले. “मेरी लडकी है. देवास में.”

“कितनी खाई?”

“हर इतवार.”

“कब से?”

“चौथा लगा तब से. अब आठवां है.”

सिस्टरचं हसू जागच्या जागी थांबलं. “घबराने का नी,” ती म्हणाली. घाबरण्यासारखी बातमी देताना लोकांचा आवाज जसा होतो, तसाच तिचा झाला होता. “अब बंद करो, और उसकी डॉक्टर को सब बताओ. कौन लाके देता था उसको?”

खंडोजी बाकावरून उठले.

ते नगरपालिकेचे चावीवाले होते. धारच्या मोहल्ल्यांना नळाचं पाणी सोडणं हे त्यांचं काम. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवरून जायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, वाकून चावी फिरवायची आणि पुढच्या मोहल्ल्याला निघायचं. उभ्या नोकरीत कुणाच्या नळाला पाणी आलं की नाही, हे बघायला ते कधी थांबले नाहीत. गरजच नव्हती. चावी फिरवली की पाणी जातं. बायका म्हणायच्या, घड्याळ चुकेल, पण जगतापांचं पाणी चुकणार नाही. त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत कुणी मोठे होते म्हणे. त्या गोष्टी थोरल्या भावाला तोंडपाठ होत्या. खंडोजींना आपली चावी पुरे होती. निवृत्तीच्या दिवशी ती त्यांनी कार्यालयात जमा केली, आणि पुढे कित्येक महिने त्यांचा उजवा खांदा उगीचच थोडा वर राहायचा. ओझं नसताना.

त्या रिकाम्या दिवसांत उर्वीचा फोन आला होता. एकुलती एक लेक, देवासला दिलेली. जावई संग्राम तिथल्या कारखान्यात सुपरवायझर. उर्वीचं सगळं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी घरात बोलायची तेवढीच, आणि बोलतानाही एक पाय हिंदीत.

“बाबा, मॅडम म्हणाल्या, मच्छी खा. हप्त्यातून दोनदा. बच्च्याच्या दिमागासाठी. इथे ढंगाची मिळत नाही हो. तुमचे ते उमाशंकर भिया आणतात ना, नर्मदेची?”

“आणतो ना. कोणती पाहिजे ते सांग.”

फोनमध्ये खरखर होती. “मोठी,” ती म्हणाली. “मोठी मच्छी पाहिजे, बाबा.”

“सगळ्यात मोठी आणतो,” खंडोजी म्हणाले.

उमाशंकर केवट निसरपूरचा. त्याचं जुनं घर धरणाच्या पाण्यात गेलं. आता तो त्याच पाण्यात जाळं टाकतो, आणि रविवारी सकाळी बर्फाच्या पेट्या घेऊन धारला येतो. “हमारे आंगन की मछली हे, भिया,” असं गिऱ्हाइकाला सांगतो, आणि त्यात खोटं काही नसतं. खंडोजींनी लेकीची गोष्ट सांगितल्यावर त्याने पेटीच्या तळातून एक पढिन वर ओढली. मिशाळ, पसरट तोंडाची, दोन्ही हातांत न मावणारी. “बिटिया के लिए ये ले जाओ. बीच में एक कांटा, बाकी पूरा मक्खन.” गरोदर पोरीच्या घशात काटा अडकायला नको. खंडोजींना याहून जास्त विचार करावा लागला नाही.

तेव्हापासून दर रविवारी हेच. कडीच्या स्टीलच्या डब्यात बर्फ, बर्फात मधले तुकडे, डबा मांडीवर. धारहून इंदूर, तिथे गाडी बदलून देवास. उर्वीच्या घरी ते दहा मिनिटं बसत. काही खात नसत, काही पीत नसत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापाने घ्यायचं नाही, ही जुनी रीत.

“बाबा, आता कोण पाळतं हे?” संग्राम हसून विचारायचा.

“मी,” खंडोजी म्हणायचे, आणि पिशवीतून आपली बाटली काढून धारचं पाणी प्यायचे.

मग मागच्या आठवड्याचा डबा, आरशासारखा लखलखीत घासलेला, हातात घ्यायचा आणि परतीची गाडी धरायची. संध्याकाळी फोन यायचा. “बाबा, काय मस्त झाली होती. बोटं चाटत बसलो.” तो मासा चुलीवर चढलेला त्यांनी कधी पाहिला नाही. गरजच नव्हती.

दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा सगुणाबाई ओट्याशी मेथी निवडत होत्या.

“सगुणा,” खंडोजी दारातूनच म्हणाले, “मी पोरीला विष चारलं.”

त्यांनी सगळं सांगितलं. सगुणाबाईंनी ऐकून घेतलं, पण त्यांचे हात मेथीवर चालूच राहिले.

“काही होत नाही हो. बसा, घोटभर पाणी प्या.”

“सरळ बच्च्याच्या दिमागावर जातं म्हणाली.”

“काही व्हायचं नाही. मी सांगते ना.”

“तू कशी सांगतेस? तू काय डॉक्टर आहेस?”

सगुणाबाईंनी मेथीची चांगली पानं खुडून देठांच्या ढिगात टाकली. लक्षात आल्यावर परत उचलली. “रविवारी जाताच आहात, तेव्हा बोला. नाहीतर फोन करा तिला.”

“बापाने फोनवर सांगायची गोष्ट आहे ही?”

त्यांनी बाटली भरून घेतली. दारात चपला घालताना सगुणाबाई मागून म्हणाल्या, “अहो, जरा ऐका तरी—”

“आल्यावर ऐकतो.”

इंदूरच्या गाडीचा कंडक्टर त्यांना ओळखत होता. “आज डब्बा नी, बाबूजी? तभी कूं, आज गाडी में हवा साफ कैसे हे!” दोघं-तिघं हसले. एरवी खंडोजी म्हणायचे, “तुझ्या गाडीचा धूर कमी होईल त्या दिवशी माझा डबा बंद होईल.” आज ते खिडकीबाहेर बघत राहिले.

पारा त्यांनी एकदाच जवळून पाहिला होता. उर्वी चार-पाच वर्षांची असताना थर्मामीटर फुटलं, आणि फरशीवर चांदीचे मणी पळाले. पोरगी आनंदाने किंचाळली आणि धरायला धावली. खंडोजींनी तिला उचलून पलंगावर आपटलंच. “हात लावायचा नाही!” आयुष्यात तिच्यावर ते पहिल्यांदाच ओरडले होते. मग गुडघ्यांवर बसून कागदाच्या घडीने त्यांनी एकेक मणी गोळा केला. मणी पुढे पळायचा, दोन व्हायचे, पुन्हा एक व्हायचा. पलंगाच्या पायाशी, फटीत, उंबऱ्यापाशी, सगळीकडे त्यांनी शोधलं. एकही मणी राहू दिला नाही.

आणि आता तेच, स्वतःच्या मांडीवर ठेवून, बर्फ घालून, दर रविवारी.

काय बोलायचं ते त्यांनी इंदूरपर्यंत ठरवलं, आणि इंदूर ते देवास पुन्हा मोडून ठरवलं. मूल आंधळं झालं तर. मंद झालं तर. संग्रामच्या आईवडिलांना काय सांगायचं. देवासची देवीची टेकडी दिसली तेव्हा त्यांनी गाडीतूनच हात जोडले. देवी, पोरीच्या पोटातलं नीट राहू दे, बाकी माझं काय करायचं ते कर.

उर्वीचं घर वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालक ठाकूरसाहेब. खंडोजींनी कडी वाजवली, आणि दार लगेच उघडलं. जणू ती दाराशीच उभी होती. “या बाबा,” ती म्हणाली. आडवारी कसे आलात, असं तिने विचारलं नाही. हे खंडोजींच्या लक्षात आलं, पण त्या वेळी त्यांनी ते बाजूला ठेवलं.

“उर्वी, चप्पल घाल. डॉक्टरकडे जायचं आहे.”

“बाबा, आधी बसा.”

“बसायला वेळ नाही. मी चुकलोय बेटा. तो मासा…” एवढं ठरवून आणलेलं सगळं तिथेच संपलं. मग जे आलं ते तुकड्यातुकड्यांनी आलं. सिस्टर, पारा, पढिन. “जन्मभर गावाला पाणी सोडलं. एक दिवस कुणाला गढूळ पाणी दिलं नाही. आणि तुला हे असलं, माझ्या हाताने…”

उर्वीचे डोळे भरून आले. “बाबा, काही नाही झालेलं. बाळ एकदम ठीक आहे. सोनोग्राफी नॉर्मल आहे.”

“सोनोग्राफीत पारा दिसतो?”

ती काही बोलणार, एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि ठाकूरसाहेब दारात आले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर टॉवेल.

“अरे पापाजी! नीचे आपकी चप्पल देखी, तो मैंने कहा, आज बिस्पतवार को ही इतवार हो गया!” त्यांनी टेबलावर, ओट्यावर नजर फिरवली. “खाली हाथ? डब्बा किधर है?”

“आज नहीं लाया,” खंडोजी म्हणाले.

“गजब करते हो. चार महीने से आदत आपने लगाई, अब संडे को आपकी पढिन के बिना अपनी तो गिलास नी उठती. वो क्या चीज है, साहब! उंगलियां चाटते रह जाते हैं. ठकुराइन आपका डब्बा राख से मांजती है, कहती है, पापाजी का डब्बा चमकता हुआ जाना चाहिए.”

“अंकल,” उर्वी म्हणाली.

“और बिटिया का दिल देखो. एक टुकडा अपने लिए नी रखती. मैं तो कहता हूं—”

“अंकल, बाबा जरा थके हुए हैं.”

ठाकूरसाहेबांनी आधी तिच्याकडे, मग खंडोजींकडे पाहिलं. “हां, हां, आराम करो पापाजी,” असं म्हणत ते खाली गेले. जाताना पावलं आली होती त्यापेक्षा हळू वाजली.

“एक तुकडाही नाही?” खंडोजींनी विचारलं.

उर्वी ओट्याला टेकून उभी होती, एक हात पोटावर. “पहिल्याच दिवशी मॅडमना फोटो पाठवला होता, बाबा. त्या बोलल्या, ही नाही चालणार. बडी शिकारी मछली आहे. मी… मी फोनवर मोटी म्हटलं होतं. मोटी म्हणजे फॅटवाली. तेलवाली. तुम्ही मोठी ऐकलं.”

“मोटी,” खंडोजी म्हणाले.

“हो.”

“मोठी नाही.”

“नाही, बाबा.”

बाळाला काही झालेलं नव्हतं. जे कळावं म्हणून टेकडीला हात जोडले होते, ते कळलं होतं. आता आनंद व्हायला हवा, असं खंडोजींना वाटलं. ते त्याची वाट बघत बसले. पाण्याची वेळ होऊन गेल्यावरही नळ कोरडा राहावा, तसं काहीतरी झालं होतं.

“एका अक्षराची गोष्ट होती,” ते म्हणाले. “फोन करून सांगायचं. बाबा, ट म्हटलं होतं, ठ नाही.”

“तुम्ही पहिल्यांदा डबा घेऊन आलात ना, तेव्हा इतके खूश होता. एवढ्या उन्हात, एवढ्या लांबून. माझी हिंमतच नाही झाली. वाटलं, पुढच्या हप्त्यात सांगू. मग पुढच्या हप्त्यात आणखी मोठी आणलीत. आणि आई म्हणाली—”

ती थांबली. पण वाक्य बाहेर पडलं होतं.

“आई काय म्हणाली?”

“बाबा, जाऊ द्या ना.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, राहू दे ग. त्यांच्या हाताला आता तेवढंच उरलंय.”

खालच्या मजल्यावर कुणीतरी भांडी लावत होतं. खंडोजी आपल्या हातांकडे बघत होते. तळव्यावर, चावीच्या दांड्याच्या जागी, अजून घट्टे होते.

“तिला कधीपासून माहीत?”

“पहिल्यापासून.”

“संग्रामला?”

“हो, बाबा.”

“डॉक्टरीणबाईंना सांगितलंस. आईला सांगितलंस. नवऱ्याला सांगितलंस. खाली ठाकूरला सांगितलंस, तेही त्याच्या ताटात वाढून.” आवाज चढलेला नव्हता. मोहल्ल्यांची नावं ओळीने घ्यावीत तसे ते बोलत होते. “आज आईचा फोन आला होता ना तुला?”

“हो. म्हणाली, बाबा निघालेत, खूप घाबरलेत, सांभाळ.”

“तुला केला.” त्यांनी खिशातून आपला फोन काढला, बघितला आणि परत ठेवला. “माझाही चालू होता. अख्खा रस्ता.”

उर्वी आता रडत होती. खंडोजींना तिच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, आणि हात उचलला गेला नाही. त्याऐवजी त्यांना आठवलं ते विचारलं. “आणि बोटं चाटत बसलो, ते?”

“अंकल म्हणायचे. मी तुम्हाला सांगायची.”

“मग तू काय खाल्लंस एवढे महिने? बच्च्याच्या दिमागाचं काय?”

“मॅडमनी गोळ्या दिल्यात. माशाच्या तेलाच्या.”

“मासा नाहीच खाल्लास.”

“तुमचा डबा यायचा ना, बाबा. मग वेगळी मच्छी आणायची म्हणजे… कसंतरी वाटायचं.”

तिने डोळे पुसले, ग्लास धुतला, भरला आणि त्यांच्यासमोर ठेवला. “पाणी तरी प्या. आज तरी. प्लीज.”

खंडोजींनी पिशवीतून बाटली काढली. तिच्यासमोर झाकण उघडलं, दोन घोट घेतले आणि झाकण लावलं. मागच्या रविवारचा डबा कपाटावर लखलखत होता. तो त्यांनी पिशवीत टाकला. ग्लास जिथे होता तिथेच राहिला.

घरी सगुणाबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. मेथीची भाजी, भाकरी, वर लोण्याचा गोळा. खंडोजी हातपाय धुऊन पाटावर बसले आणि जेवले. हे त्यांचं स्वतःचं घर होतं, इथलं अन्न नाकारायची कुठली रीत नव्हती.

“बोला तरी काही,” सगुणाबाई म्हणाल्या.

“काय बोलू? तुम्हा मायलेकींचं सगळं बोलून झालंय.”

“तुमच्यासाठीच केलं हो. नोकरी सुटल्यापासून कसे झाला होतात, ते मी बघत होते. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून. त्या डब्यामुळे तुम्ही माणसात आलात. मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?”

“माहीत आहे.”

खरंच माहीत होतं, आणि तेच जास्त लागत होतं. शत्रूने फसवलं असतं तर भांडता आलं असतं.

“सकाळी मात्र सांगता आलं असतं,” ते म्हणाले. “मी विष म्हणालो तेव्हा. तू मेथी निवडत होतीस.”

सगुणाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. त्याला ते नको म्हणाले नाहीत. तीही खाल्ली, उठले आणि ताट स्वतःच घासून ठेवलं.

रविवारी सकाळी उमाशंकरने त्यांना लांबूनच पाहिलं. “आओ भिया, आज तो राजा फंसा हे जाल में!” त्याने बर्फ बाजूला केला. खाली पढिन होती, आतापर्यंतच्या सगळ्यांहून लांब. “पिछली वाली कैसी लगी बिटिया को?”

खंडोजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस खरोखर विचारत होता.

“उंगलियां चाटती रह गई,” ते म्हणाले.

“तो ये काट दूं?”

“आज ये नहीं. आज छोटी दे. मोटी चाहिए, लेकिन मोठी नको.”

“मोटी, मोठी, एकी बात हे भिया.”

“एक नाही,” खंडोजी म्हणाले, आणि समजावून सांगायला तोंड उघडलं. मग राहू दिलं. वीतभर लांबीच्या चार रोहू पेटीच्या एका कोपऱ्यात होत्या, तिकडे त्यांनी बोट दाखवलं.

“इसमें कांटे भोत हें,” उमाशंकर म्हणाला. “बिटिया के गले में—”

“कांटे वाली ही दे.”

देवासला दार उर्वीनेच उघडलं. तिची नजर आधी डब्यावर गेली, मग त्यांच्या चेहऱ्यावर. तिने डब्यासाठी हात पुढे केला. खंडोजींनी डबा दिला नाही. ते तिच्या बाजूने आत गेले, सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. आजवर ते बाहेरच्या खुर्चीपलीकडे आले नव्हते. तिथे एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. त्यावर बसले आणि डबा ओट्यावर ठेवला.

“तळ,” ते म्हणाले.

“बाबा, तुमची बस…”

“जाऊ दे.”

संग्राम आतल्या खोलीतून बाहेर आला. “या बाबा,” म्हणाला, सासऱ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेला. उर्वीने डबा उघडला. छोटे मासे बघून तिच्या तोंडून “अगंबाई” निघालं, अगदी तिच्या आईसारखं. तिने ते साफ केले, हळद, तिखट, मीठ लावलं, तवा ठेवला. तेल तापल्याचा आवाज झाला, मग मासे पडल्याचा. घर वासाने भरलं. खालून ठकुराइनीने कुणाला तरी काहीतरी विचारलं. जिन्यावर मात्र कुणी आलं नाही.

उर्वी ताट घेऊन त्यांच्यासमोर, खाली फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसली. आठव्या महिन्याच्या पोटामुळे तिला बसायला वेळ लागला. खंडोजी उठले नाहीत.

“तुम्ही पण घ्या ना, एक,” ती म्हणाली.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

तिने पहिला घास घेतला. काटा जिभेवर आला, तो बोटांनी काढला. मग दुसरा. काटे फार होते. ती हळू खात होती, मधेच डाव्या हाताच्या पाठीने डोळे पुसत होती. खंडोजी बघत होते. छान झालंय का, असं त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. बोटं चाटली नाहीत. काटे मात्र एकेक करून ताटाच्या कडेला ठेवत गेली, त्यांना दिसतील असे, एका बाजूला एक.

शेवटचा घास संपला. खंडोजींनी ताटाकडे पाहिलं, पुरेसा वेळ पाहिलं. मग बाटली काढली, दोन घोट घेतले, झाकण लावलं आणि उठले.

“डबा धुऊन देते,” उर्वी उठायला धडपडत म्हणाली.

“नको.”

डब्याच्या तळाशी लालसर पाणी होतं आणि कडेला दोन-चार खवले चिकटलेले. त्यांनी तो तसाच बंद केला, कडी लावली आणि वास येणारा डबा हातात धरून जिना उतरले.